समजून घ्या : जन्मतः एचआयव्ही असलेल्या मुलांमध्ये औषधे निष्प्रभ का ठरतात?

प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरापिनची एक गोळी. बाळ जन्मले की ७२ तासांच्या आत त्याच्या तोंडात याच औषधाचे थोडे सिरप, वजनाच्या प्रत्येक किलोमागे २ मिलिग्रॅम. २००० च्या दशकात आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीबाधित आईकडून बाळाला होणारा संसर्ग टाळण्यासाठी मुख्यतः एवढाच उपाय हाताशी होता. स्वस्त, सोपा आणि बऱ्याच अंशी यशस्वी. या एका गोळीमुळे हजारो बाळे संसर्गाशिवाय जन्मली.

पण ज्या बाळांना हे औषध मिळूनही संसर्ग झालाच, त्यांच्यापैकी अनेकांच्या शरीरातला विषाणू ते औषध ओळखू लागला होता. पुढे उपचाराची वेळ आली तेव्हा हातात औषध तेच होते. ती मुले आज कॉलेजात आहेत, नोकरीला लागली आहेत, काहींची लग्ने ठरत आहेत. त्यांच्यापैकी काहींसाठी गोळ्यांचे पर्याय मात्र वयाच्या विशीतच कमी होत गेले आहेत. असे का झाले आणि आज जन्मणाऱ्या बाळांसाठी काय बदलले, ते पाहू.

आधी एक गैरसमज

‘औषध अंगवळणी पडले, म्हणून लागू पडत नाही,’ असे आपण सहज म्हणतो. ड्रग रेझिस्टन्समध्ये, म्हणजे औषधरोधात, शरीराला औषधाची सवय होत नसते. बदलतो तो विषाणू. मुलाचे शरीर तेच, गोळी तीच. पण ज्याच्यावर ती चालवायची त्याचा आकार थोडासा बदललेला असतो. कुलूप बदलले की जुनी किल्ली फिरत नाही, तसे.

एचआयव्हीची जनुकीय माहिती साधारण ९,७०० अक्षरांची असते. पेशीत शिरल्यावर ‘रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज’ नावाचे एन्झाइम तिची नक्कल उतरवते. हे एन्झाइम नक्कल करण्यात ढिसाळ आहे, शिवाय उतरवलेले तपासून बघायची सोय त्याच्यात नाही. (इंजिनिअरिंगवाल्यांच्या भाषेत, फाइल कॉपी होते पण एरर चेकिंग बंद असते.) दर तीनेक नकलांमागे सरासरी एक चूक होते. उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात रोज साधारण १,००० कोटी नवे विषाणूकण तयार होतात. हा गुणाकार केला की लक्षात येते, एका अक्षराची म्हणून जेवढी चूक शक्य आहे ती शरीरात रोज कुठे ना कुठे होतच असते.

यातल्या बहुतेक चुका विषाणूलाच महागात पडतात. पण एखादी चूक नेमकी अशी जागा बदलते की औषधाला तिथे चिकटता येत नाही. औषध सुरू नसेल तर त्या बदलाचा काही उपयोग नसतो. औषध सुरू असेल तर बाकीचे मरतात आणि हा वाढतो.

म्हणूनच १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. एका औषधाला चुकवणारा बदल रोज होतो. तिन्ही औषधांना चुकवणारे बदल एकाच विषाणूत, एकाच वेळी होणे जवळपास अशक्य. संपूर्ण एचआयव्ही उपचार या साध्या गणितावर उभा आहे. आणि नेव्हिरापिनच्या त्या एकुलत्या एका गोळीत हे गणित नव्हते.

एका गोळीने काय केले?

१९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधील एका अभ्यासाने दाखवले, की गरोदरपणात आईला, प्रसूतीच्या वेळी आणि नंतर सहा आठवडे बाळाला झिडोव्ह्युडिन दिले तर संसर्गाचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येते. पण तो उपचार महाग होता, लांबलचक होता, आणि जिथे बाई थेट कळा सुरू झाल्यावरच दवाखान्यात पोहोचते तिथे तो देणार कसा?

याचे उत्तर युगांडातील कंपाला येथून आले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एचआयव्हीनेट ०१२’ या चाचणीत आईला प्रसूतीच्या वेळी २०० मिलिग्रॅम नेव्हिरापिनची एक गोळी आणि बाळाला एकदा सिरप दिले गेले. १४ ते १६ आठवड्यांच्या वयापर्यंत या गटातील १३.१ टक्के बाळांना संसर्ग झालेला आढळला. झिडोव्ह्युडिनचा अल्प मुदतीचा डोस मिळालेल्या गटात हे प्रमाण २५.१ टक्के होते. जवळपास निम्मे! तेही काही डॉलरच्या खर्चात. दक्षिण आफ्रिकेत सरकार हे औषध सर्वत्र द्यायला तयार नव्हते, तेव्हा ‘ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन’ ही संघटना कोर्टात गेली आणि जुलै २००२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सरकारला ते उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. ज्या औषधाची दुसरी बाजू आपण आता बघणार आहोत, त्यासाठी आयांना न्यायालयात लढावे लागले होते, हे विसरता कामा नये.

दुसरी बाजू अशी. नेव्हिरापिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. एका गोळीचा अंश दोन-तीन आठवडे रक्तात रेंगाळतो. तो विषाणूला पुरता रोखण्याइतका नसतो, पण ‘निवड’ करण्याइतका असतो. त्यात नेव्हिरापिनला निकामी करायला विषाणूला एकच बदल पुरतो. शास्त्रज्ञ त्याला ‘के १०३ एन’ किंवा ‘वाय १८१ सी’ अशी नावे देतात. त्याचा अर्थ सोपा आहे : एन्झाइमच्या साखळीतल्या १०३ व्या जागी ‘के’ या अमिनो आम्लाऐवजी ‘एन’ आले. बस. एवढ्याने नेव्हिरापिन तर गेलेच. ‘के १०३ एन’ असेल तर त्याच गटातले एफाव्हिरेन्झही गेले.

कंपालाच्या त्याच चाचणीतील संसर्ग झालेल्या बाळांचे नमुने नंतर तपासले, तेव्हा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात त्यांतील जवळपास निम्म्या बाळांत नेव्हिरापिनला दाद न देणारा विषाणू सापडला.

काही महिन्यांनी तो रक्तात दिसेनासाही होतो, कारण औषधाचा दाब संपल्यावर मूळचा विषाणू पुन्हा वरचढ ठरतो. पण गेलेला नसतो. एचआयव्ही आपली प्रत रक्तातील दीर्घायुषी ‘मेमरी’ पेशींच्या डीएनएमध्ये ठेवून देतो. तिथे जुनी आवृत्ती वर्षानुवर्षे पडून राहते आणि तेच औषध पुन्हा सुरू झाले की वर येते. फोन बदलला तरी जुना बॅकअप रिस्टोअर व्हावा, तसा हा प्रकार. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०१० साली जन्मलेल्या एका बाळावर जन्मानंतर सुमारे ३० तासांत उपचार सुरू झाले होते. पुढे उपचार थांबूनही विषाणू दोन वर्षांहून अधिक काळ दिसला नाही आणि ‘बाळ बरे झाले’ अशा बातम्या जगभर झळकल्या. २०१४ मध्ये विषाणू परत दिसला. हा साठा किती चिवट असतो, याचे ते उदाहरण.

भारतात काय घडले?

आपल्याकडे एकाच डोसचा नेव्हिरापिन कार्यक्रम २००० च्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिला. १ एप्रिल २००४ पासून आठ केंद्रांत मोफत एआरटी सुरू झाली, त्यात मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. मुलांसाठीचा स्वतंत्र उपक्रम नोव्हेंबर २००६ मध्ये आला. तेव्हाच्या पहिल्या फळीतील उपचारात तिसरे औषध कोणते होते? बहुतांश मुलांसाठी नेव्हिरापिनच.

आता या तारखा एका आयुष्यावर ठेवून बघा. समजा, २००५ मध्ये सांगली जिल्ह्यात एक मुलगी जन्मली. (ही कोणा एकीची कहाणी नाही; कार्यक्रमाच्या तारखांवरून मांडलेला हिशेब आहे.) जन्मतः तिला नेव्हिरापिनचा एक डोस मिळाला, तरीही संसर्ग झाला. दोन वर्षांची असताना तिच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यातही नेव्हिरापिन. तिच्या पेशींत जुना बदल शिल्लक असेल, तर तीन औषधांपैकी खऱ्या अर्थाने काम करणारी दोनच उरतात. काही वर्षांत लॅमिव्ह्युडिनही निकामी होते. मग सेकंड लाइन. ती देशात जानेवारी २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा प्रायोगिक तत्त्वावर दोनच ठिकाणी होती, मुंबईचे जे. जे. आणि चेन्नईतील तांबरमचे रुग्णालय. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या हाती शेवटून दुसरा पर्याय. अजून तिला पन्नास-साठ वर्षे गोळ्या घ्यायच्या आहेत.

प्रौढ रुग्ण आणि जन्मतः बाधित मूल यांच्यातला मुख्य फरक हाच. प्रौढाचा उपचार तिशी-चाळिशीत सुरू होतो. मुलाचा पाळण्यात.

ही शंका केवळ कागदावरची राहिली नाही. ‘पी १०६०’ नावाच्या चाचणीत आफ्रिकी देशांसह भारतातील मुलेही होती. जन्माच्या वेळी नेव्हिरापिन मिळालेल्या मुलांना उपचारातही नेव्हिरापिन दिले, तेव्हा २४ आठवड्यांत ३९.६ टक्के मुलांचा उपचार फसला. लोपिनाविर-रिटोनाविर हे वेगळ्या गटातले औषध दिलेल्यांत हेच प्रमाण २१.७ टक्के होते. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरचा दुसरा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता : ज्या मुलांना जन्मतः नेव्हिरापिन मिळालेच नव्हते, त्यांच्यातही ते कमीच पडले. म्हणजे दोष एका गोळीचाच नव्हता. लहान मुलांच्या शरीरात हे औषध मुळातच तोकडे पडत होते.

भारताने १ जानेवारी २०१४ पासून एक डोस देण्याची पद्धत बंद करून प्रत्येक बाधित गर्भवतीला आयुष्यभराची तीन औषधांची एआरटी देण्याचे धोरण देशभर लागू केले. माझ्या मते २०१४ पूर्वीच्या धोरणाला ‘चूक’ म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधी दगावतात. समोर पर्याय एक गोळी किंवा काहीच नाही, असा होता. खरा प्रश्न हा, की चांगला उपचार माहीत झाल्यानंतर तो गरीब देशांतल्या बाळांपर्यंत पोहोचायला इतकी वर्षे का लागली.

मुलांचे गणित वेगळे का?

पहिले कारण, विषाणूची संख्या. प्रौढाला संसर्ग झाल्यावर काही आठवड्यांत प्रतिकारशक्ती विषाणूला थोडाफार आवर घालते. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती अजून शिकत असते. व्हायरल लोड लाखांच्या घरात जातो आणि बराच काळ तिथेच राहतो. विषाणू जितके जास्त, तितक्या चुका जास्त. दक्षिण आफ्रिकेतील ‘चेर’ चाचणीने २००८ मध्ये दाखवले, की लक्षणांची वाट न पाहता पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू केले तर बाळांचे मृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात. पण बाळाला संसर्ग झाला की नाही, हे कळायला नेहमीची अँटिबॉडी टेस्ट चालत नाही. आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यासाठी टाचेतून रक्ताचे थेंब कागदी कार्डावर घेऊन, वाळवून, प्रयोगशाळेत विषाणूचाच शोध घ्यावा लागतो. सहाव्या आठवड्यात, म्हणजे पहिल्या लसींच्या वेळीच, हा नमुना घेणे अपेक्षित असते.

दुसरे कारण, वजन. प्रौढाचा डोस ठरला की ठरला. बाळाचे वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट होते. डोल्युटेग्राविरचे उदाहरण घ्या. मुलांसाठीच्या १० मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या गोळीचा डोस ३ ते ६ किलोच्या बाळासाठी अर्धी गोळी असतो. ६ किलो ओलांडले की दीड. म्हणजे थेट तिप्पट. वजन नोंदवायचे राहिले किंवा जुन्याच डोसवर दोन महिने गेले, तर बाळ रोज औषध घेऊनही कमी औषधावर असते. (डोस अर्थातच एआरटी सेंटरचे डॉक्टरच ठरवतात, घरी हिशेब करू नये.) सुरुवातीच्या काळात तर मुलांसाठीच्या गोळ्याच पुरेशा नव्हत्या. मोठ्यांची गोळी सुरीने कापून अर्धी-पाव दिली जायची. तुकडे समान होत नसत आणि प्रौढांच्या गोळीत औषधांचे जे प्रमाण असते, ते मुलाच्या शरीराला जुळत नसे.

तिसरे कारण ऐकायला क्षुल्लक वाटेल : चव. लोपिनाविर-रिटोनाविरचे सिरप कमालीचे कडू. त्यात सुमारे ४२ टक्के अल्कोहोल. साठवायला फ्रिज हवा. दिवसातून दोनदा, रोज. दीड वर्षाच्या मुलाला कडू औषध पाजणे काय असते, हे घरात लहान मूल असलेल्या कोणालाही विचारा. निम्मे पोटात, निम्मे फ्रॉकवर. ओकून काढले तर परत द्यायचे का, किती द्यायचे? आणि गावात लोडशेडिंग असेल, घरी फ्रिजच नसेल, तर? मुंबईच्या सिप्ला कंपनीने याच औषधाचे बारीक दाणे कॅप्सूलमध्ये भरून आणले, त्यांना २०१५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाची तात्पुरती मान्यता मिळाली. फ्रिजचा प्रश्न सुटला. कडूपणा पुरता गेला नाही.

चौथे कारण क्षयरोग. टीबीवरचे रिफॅम्पिसिन हे औषध यकृतातील एन्झाइम्सना इतके कामाला लावते, की एचआयव्हीची अनेक औषधे रक्तातून लवकर नाहीशी होतात. नेव्हिरापिन, लोपिनाविर, डोल्युटेग्राविर, तिन्हींवर हा परिणाम होतो. म्हणून टीबीचा उपचार सुरू असेपर्यंत डोल्युटेग्राविरचा डोस दुप्पट करावा लागतो. टीबीची गोळी एका दवाखान्यातून, एचआयव्हीची दुसऱ्या, आणि दोघांना एकमेकांची खबर नाही, असे झाले की मुलाच्या रक्तात औषध कमी पडते.

आणि पाचवे, जे कोणत्याही प्रयोगशाळेत दिसत नाही : गोळी देणारे माणूस. जन्मतः बाधित मुलाच्या घरी आई स्वतः आजारी असते किंवा आई-वडील दोघेही नसतात. औषध आजी देते, मामी देते, वसतिगृहातल्या ताई देतात. आजीला दिसत नाही, मामीला सांगितलेले नाही की गोळी कशाची आहे. मुलाला सांगितले जाते, ‘ही ताकदीची गोळी.’ बारा-तेरा वर्षांचे झाल्यावर ते विचारते, मी धडधाकट आहे, मग रोज ताकदीची गोळी कशाला? मैत्रिणीच्या घरी राहायला गेल्यावर डबी बाहेर काढायची कशी? म्हणून शाळकरी वयातच, समजेल त्या भाषेत, टप्प्याटप्प्याने मुलाला खरे सांगावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. घरोघरी मात्र ही गोष्ट पुढे ढकलली जाते. नेमक्या पौगंडावस्थेत डोस चुकायला लागतात.

अर्धवट औषध सर्वांत धोक्याचे

इथे एक उलटी गोष्ट समजून घ्यायला हवी. औषध पूर्ण बंद असेल तर विषाणू वाढतो, पण औषधरोधी होण्याचे त्याला कारण उरत नाही. औषध पूर्ण असेल तर तो वाढतच नाही, म्हणून बदलतही नाही. धोका मधल्या पट्ट्यात. आठवड्यातले तीन दिवस गोळी, चार दिवस नाही. किंवा रोज गोळी पण डोस अपुरा. विषाणू वाढायला मोकळा आणि औषध निवड करायला हजर.

म्हणून व्हायरल लोड वाढला की लगेच ‘औषध निकामी झाले’ असे समजायचे नसते. अनेक मुलांमध्ये विषाणू अजून औषधाला दाद देणारा असतो, औषधच पोटात जात नसते. आपल्याकडे व्हायरल लोड १,००० च्या वर आला की आधी नियमितपणासाठी नेटाने समुपदेशन, मग पुन्हा चाचणी, आणि तरीही तो वरच राहिला तर औषध बदलण्याचा विचार, असा क्रम आहे. सेकंड किंवा थर्ड लाइनवर जायचे का, हे राज्य पातळीवरची तज्ज्ञ समिती ठरवते. व्हायरल लोडची मोफत नियमित चाचणी सर्वांसाठी २०१८ पासून सुरू झाली. त्याआधी बराच काळ उपचार फसल्याचे कळायचे ते सीडी-४ पेशी घसरल्यावर किंवा मूल आजारी पडल्यावर. तोवर विषाणूने एकावर एक बदल साठवलेले असायचे.

रेझिस्टन्स आहे, हे कळते कसे?

रक्तातील विषाणूच्या जनुकांचे ‘सिक्वेन्सिंग’ करून. अक्षरे वाचायची आणि कोणत्या जागी बदल आहे ते पाहायचे. ही अक्षरमाला अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मोफत ऑनलाइन डेटाबेसमध्ये टाकली, की कोणते औषध कितपत चालेल याचे गुण तो देतो. इतकी नेटकी गोष्ट जगात मोफत आहे, हे पाहून खरेच बरे वाटते. अडचण अक्षरे वाचण्याच्या खर्चाची आणि प्रयोगशाळांची आहे. पुण्यातील ‘नारी’ ही संस्था (तिचे नाव आता ‘राष्ट्रीय ट्रान्सलेशनल विषाणूशास्त्र व एड्स संशोधन संस्था’ असे झाले आहे) या कामातले देशातील महत्त्वाचे केंद्र. प्रत्येक मुलाची उपचारापूर्वी अशी तपासणी मात्र आपल्याकडे होत नाही.

या तपासणीची एक गोम आहे. नमुना मूल औषधावर असतानाच घ्यावा लागतो. औषध सोडून महिना-दोन महिने झाले असतील तर मूळ विषाणू पुन्हा बहुसंख्य होतो, आणि एकूण विषाणूंत पाचव्या हिश्शापेक्षा कमी असलेला बदल नेहमीच्या चाचणीला सहसा दिसत नाही. रिपोर्ट स्वच्छ येतो, विषाणू नसतो.

दुसरी गंमत लॅमिव्ह्युडिनची. ‘एम १८४ व्ही’ या बदलामुळे ते निष्प्रभ होते, पण त्याच बदलाने विषाणू दुबळाही होतो, त्याची वाढ मंदावते. म्हणून डॉक्टर अनेकदा ‘निकामी’ झालेले लॅमिव्ह्युडिन मुद्दाम सुरू ठेवतात. ‘फेल झालेली गोळी का देताय?’ असा प्रश्न पडलेल्या पालकांसाठी हे उत्तर.

डोल्युटेग्राविरने काय बदलले?

बरेच काही. हे औषध वेगळ्या एन्झाइमवर, ‘इंटिग्रेज’वर काम करते. नेव्हिरापिनला एक बदल पुरतो. डोल्युटेग्राविरला चकवायला विषाणूला सहसा एकाहून जास्त बदल करावे लागतात आणि त्यांची किंमतही मोजावी लागते. ‘ओडिसी’ चाचणीत युगांडा, झिम्बाब्वे, दक्षिण आफ्रिका, थायलंड आणि युरोपातील ७०७ मुले होती. ९६ आठवड्यांत डोल्युटेग्राविर गटात १४ टक्के, तर इतर औषधांच्या गटात २२ टक्के मुलांचा उपचार फसला. शिवाय प्रथमच उपचार घेणाऱ्या मुलांत डोल्युटेग्राविरविरोधी बदल आढळले नाहीत.

तान्ह्या बाळांसाठीची विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी २०२० मध्ये आली. चार आठवड्यांचे आणि ३ किलोचे बाळ झाले की ती देता येते. त्याच वर्षी ‘युनिटेड’ आणि ‘क्लिंटन हेल्थ अ‍ॅक्सेस इनिशिएटिव्ह’ने व्हायट्रिस आणि मुंबईच्या मॅक्लिऑइड्स या कंपन्यांशी करार केला. एका मुलाच्या वर्षभराच्या औषधाची किंमत खूपच उतरली. मोठ्यांना हे औषध २०१३ मध्येच मिळाले होते. तान्ह्यांना सात वर्षांनी.

मग प्रश्न संपला?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्च २०२४ च्या अहवालात डोल्युटेग्राविरला दाद न देणाऱ्या विषाणूचे प्रमाण ३.९ ते ८.६ टक्के नोंदवले आहे. ज्यांनी आधी बरीच औषधे घेतली आहेत आणि व्हायरल लोड जास्त असतानाच ज्यांना डोल्युटेग्राविरवर आणले, अशांत ते १९.६ टक्क्यांपर्यंत गेले. हे वर्णन कोणाला लागू पडते? वर हिशेबासाठी घेतलेल्या त्या सांगलीच्या मुलीसारख्यांना. जन्मतः बाधित किशोरवयीन मुलांची औषधांची यादी लांब असते आणि नेमक्या त्याच वयात डोस चुकतात.

जुने बदल नव्या जागी कसे आडवे येतात, याचे आणखी एक उदाहरण. रोजची गोळी टाळून एक-दोन महिन्यांनी घ्यायचे कॅबोटेग्राविर-रिल्पिविरिन हे इंजेक्शन अमेरिकेत २०२२ पासून १२ वर्षांवरील मुलांसाठीही मंजूर आहे. गोळीला कंटाळलेल्या मुलांना हे वरदान वाटेल. पण रिल्पिविरिन हे नेव्हिरापिनच्याच गटातले. ‘के १०३ एन’ असेल तर त्याचे फारसे बिघडत नाही. ‘वाय १८१ सी’ असेल तर बिघडते. म्हणजे पाळण्यात मिळालेल्या एका डोसचा हिशेब वीस वर्षांनी इंजेक्शनच्या वेळी निघू शकतो, आणि आपल्या पेशींत यातले काय आहे हे बहुतेकांना माहीत नसते.

आज बाळांना संसर्ग होतो तो कसा?

आई नियमित उपचारावर असेल आणि तिचा व्हायरल लोड दबलेला असेल तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणजे आज जे बाळ बाधित जन्मते, ते बहुतेकदा कुठल्या तरी फटीतून निसटलेल्या आईचे असते. तिची तपासणी उशिरा झाली, गोळ्या मध्येच सुटल्या, किंवा गरोदरपणात अथवा स्तनपानाच्या काळात तिला नव्याने संसर्ग झाला. गोळ्या सुटलेल्या आईत औषधरोधी विषाणू असण्याची शक्यता जास्त, आणि तोच बाळाकडे जातो. भरीला बाळाला जन्मानंतर प्रतिबंधासाठी काही आठवडे नेव्हिरापिन दिले जाते. संसर्ग आधीच झाला असेल तर तेही निवडीला हातभार लावते. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकी देशांत नव्याने निदान झालेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांत नेव्हिरापिन किंवा एफाव्हिरेन्झला दाद न देणारा विषाणू आढळला, तो यामुळेच.

जगात १५ वर्षांखालील सुमारे १४ लाख मुले एचआयव्हीसह जगत होती, असा २०२३ चा यूएनएड्सचा अंदाज आहे. त्यांपैकी ५७ टक्के मुलांना उपचार मिळत होते. प्रौढांत हे प्रमाण ७७ टक्के. देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात, सुमारे चार लाख.

आपल्याकडची फट कुठे असू शकते, याचा विचार करताना ऊसतोडीला जाणारी कुटुंबे डोळ्यांसमोर येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बीडहून निघायचे, उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे. गरोदर बाईची नोंद एका तालुक्यात, प्रसूती दुसऱ्या जिल्ह्यात किंवा थेट कर्नाटकात. निघण्यापूर्वी एआरटी सेंटरला सांगितले तर जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा मुक्कामाजवळच्या केंद्रावर नाव जोडून देण्याची सोय होऊ शकते. गोळ्या संपण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, निघण्याच्या दोन आठवडे आधी विचारायला हवे. मुलाचे कार्ड, जुन्या औषधांची नावे आणि व्हायरल लोडचे रिपोर्ट यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवले तर पुढच्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जन्माच्या वेळी नेव्हिरापिन मिळाले होते का, ही एका ओळीची नोंदही त्यात असू द्या.

‘नाको’ची मोफत हेल्पलाइन १०९७ आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार शाळा, नोकरी वा दवाखान्यात भेदभाव करता येत नाही आणि संमतीशिवाय कोणाची माहिती उघड करता येत नाही. याच कायद्यात एक तरतूद फारशी कोणाला माहीत नसते. एचआयव्हीची झळ बसलेल्या कुटुंबाचा कारभार सांभाळणारे, पुरेशी समज असलेले १२ ते १८ वर्षांचे भावंड धाकट्याचे पालक म्हणून काम करू शकते. शाळेतला प्रवेश असो, बँक खाते असो किंवा उपचार. एआरटी सेंटरवर धाकट्या भावाला घेऊन आलेल्या तेरा वर्षांच्या ताईला ‘घरातले मोठे माणूस घेऊन ये’ म्हणून परत पाठवायचे कारण नाही.